अपडेट चालू असताना लाईट गेली, आता प्रत्येक पॅकेज दोनदा दिसतंय. फॉरमॅट मारू का?

अभ्यासिका_पंचवटी
नमस्कार मंडळी. पंचवटीत आमची छोटी अभ्यासिका आहे, स्पर्धा परीक्षेची मुलं बसतात. फॉर्म भरायला, सराव चाचण्यांना आणि पीडीएफ वाचायला काही जुने आय-थ्री कॉम्प्युटर ठेवलेत. सगळ्यांवर अल्मालिनक्स ९ (विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सचा एक प्रकार) आहे, कारण त्याला सुरक्षा अपडेट २०३२ पर्यंत मिळणार असं वाचलं होतं. दरवर्षी नवी आवृत्ती टाकत बसायला आमच्याकडे माणूस नाही.

शनिवारी सकाळी एका मशीनवर सुडो डीएनएफ अपग्रेड (सगळी सॉफ्टवेअर, म्हणजे पॅकेजेस, अपडेट करायची कमांड) चालू होतं आणि निम्म्यात लाईट गेली. इन्व्हर्टर आहे, पण त्यावर फक्त पंखे आणि ट्यूब. लाईट आल्यावर मशीन सुरू झालं, लॉगिनही होतंय. पण लिब्रेऑफिसचा रायटर उघडतो आणि कॅल्क उघडत नाही. डीएनएफ चेक दिलं तर 'अमुक इज अ डुप्लिकेट विथ तमुक' अशा पानभर ओळी. आरपीएम -क्यूए (टाकलेल्या सगळ्या पॅकेजेसची यादी) मध्ये एकेक नाव दोन-दोन वेळा.

भाचा म्हणतो फॉरमॅट मार. मशीनवर मुलांच्या फाइली आहेत, काही जणांचे अर्जही अर्धवट भरलेले आहेत. दुरुस्त होण्यासारखं आहे का?

कॉलेजरोड_कॉम्प्युटर
फॉरमॅट. डेटा पेनड्राइव्हवर घ्या, अर्ध्या तासात नवीन सिस्टम. पुढचे प्रतिसाद वाचेपर्यंत काम होऊन जाईल.

मिसळ_तर्री
आला आला, फॉरमॅट सम्राट आला! यांच्या दुकानात माउस बिघडला म्हणून गेलो तरी फॉरमॅट मारून देतात.

कॉलेजरोड_कॉम्प्युटर
@मिसळ_तर्री हसा. गिऱ्हाईक समोर उभं राहून 'किती वेळ लागेल' विचारतं तेव्हा 'बघावं लागेल' हे उत्तर चालत नाही. दुरुस्तीत दुपार जाते आणि तिचे पैसे कुणी देत नाही. फॉरमॅटचा दर ठरलेला असतो.

रूट_काका
रेड हॅट ९ च्या काळापासून (तेव्हा फेडोरा नव्हतं) हे पाहत आलोय. आरपीएमचा डेटाबेस (कोणती पॅकेजेस टाकलीत त्याची वही) बिघडला की /व्हार/लिब/आरपीएम मधल्या __डीबी ने सुरू होणाऱ्या फाइली उडवायच्या आणि आरपीएम --रीबिल्डडीबी मारायचं. करून बघा.

सर्व्हरवाली
काका, तो उपाय बर्कली डीबीच्या जमान्यातला. अल्मा ९ मध्ये डेटाबेस एसक्यूलाइटचा आहे, आरपीएमडीबी.एसक्यूलाइट या एकाच फाइलीत. __डीबी च्या फाइली तिथे सापडणारच नाहीत. शिवाय यांचा डेटाबेस बिघडलेलाच नाही. तो खरं तेच सांगतोय, दोन-दोन नोंदी आहेत म्हणून. रीबिल्ड केला तर त्याच दोन नोंदी नीटनेटक्या लावून देईल.

@अभ्यासिका_पंचवटी, फॉरमॅटची गरज नाही. झालंय काय ते आधी सांगते, म्हणजे पुढची कमांड डोळे मिटून मारली जाणार नाही.

अपग्रेड करताना आरपीएम जुनं काढून नवं टाकत नाही. आधी सगळी नवी पॅकेजेस एकामागून एक टाकतं, आणि ती संपली की शेवटी जुन्यांची साफसफाई करतं. तुमच्या स्क्रीनवर आधी 'अपग्रेडिंग' आणि मग 'क्लीनअप' असं जे पळत असतं ते हेच. लाईट पहिल्या टप्प्यात गेली. म्हणजे नव्यांपैकी काही आली, काही यायची राहिली, आणि जुनं एकही गेलं नाही. जी आली त्यांच्या दोन नोंदी झाल्या.

मिसळ_तर्री
म्हणजे नवा भाडेकरू सामान घेऊन आत शिरला आणि जुन्याने अजून किल्ली दिलेली नाही. आणि घरमालक लाईट कधी येते त्याची वाट बघत जिन्यात उभा.

सर्व्हरवाली
बरोबर, फक्त सामान बहुतेक नव्याचंच आहे. फाइलींची नावं तीच असल्यामुळे नव्याने जुन्यावर लिहिलंय. म्हणून तर मशीन चालू होतंय. जुन्याची उरलीय ती मुख्यतः वहीतली नोंद. ती काढताना आरपीएम बघतं की ही फाइल दुसऱ्या पॅकेजच्या नावावरही आहे, आणि तिला हात लावत नाही.

आता पायऱ्या. /व्हार/लिब/आरपीएम या फोल्डरची एक प्रत बाजूला ठेवा, मुलांच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या. मग:

सुडो डीएनएफ रिमूव्ह --डुप्लिकेट्स --अझ्यूमनो

शेवटच्या शब्दामुळे ते फक्त यादी दाखवेल, करणार काही नाही. ती यादी इथे टाका.

एमपीएससी_वाला_भाऊ
मी त्याच अभ्यासिकेत बसतो 😄 शेजारच्या मशीनवर सहज बघितलं तर तिथेही कर्नल तीन वेळा आहे आणि जीपीजी-पबकी नावाचं कायतरी तर खूप वेळा. ते मशीन पण गेलं का?

सर्व्हरवाली
नाही गेलं. कर्नल (सिस्टमचा गाभा) मुद्दाम जास्तीचे ठेवतात, नवा नाही चालला तर जुन्याने बूट करता यावं म्हणून. डीएनएफच्या सेटिंगमध्ये 'इन्स्टॉलओन्ली_लिमिट' तीन असते. जीपीजी-पबकी हे पॅकेजच नव्हे, रेपोच्या (पॅकेजेस जिथून उतरतात त्या साठ्याच्या) सह्या तपासायच्या किल्ल्या आहेत, जितक्या किल्ल्या घेतल्या तितक्या नोंदी. आणि एकाच नावापुढे एकदा एक्स८६_६४ आणि एकदा आय६८६ दिसलं तर तेही डुप्लिकेट नव्हे. एक ६४-बिट, दुसरं ३२-बिट. म्हणून आरपीएम -क्यूए ची यादी डोळ्यांनी चाळून निवाडा करू नये. डीएनएफ चेक --डुप्लिकेट्स हे सगळं वगळूनच सांगतं.

मालेगावकर_भो
काय भो, एवढं कशाला? आरपीएम -ई --नोडेप्स मारा, एक मिनिटात साफ.

सर्व्हरवाली
हाच सल्ला वाचून लोक मशीन गमावतात. समजा जीलिबसी (जवळजवळ सगळे प्रोग्राम जिच्यावर चालतात ती लायब्ररी) दोनदा आहे. आरपीएम -ई --नोडेप्स जीलिबसी दिलं की ते अडतं, म्हणतं 'स्पेसिफाइज मल्टिपल पॅकेजेस', नेमकं कोणतं? मग माणूस गूगल करतो आणि त्याला --ऑलमॅचेस सापडतं. तो पर्याय दोन्ही काढतो. जीलिबसी गेलं की त्यानंतर एलएस (फाइलींची यादी दाखवणारी साधी कमांड) सुद्धा चालत नाही. हाताने काढायचंच असेल तर पूर्ण आवृत्ती आणि रिलीजसकट नाव द्यायचं, तेही एका वेळी एक, आणि --नोडेप्स शिवाय.

मालेगावकर_भो
ऑलमॅचेसचं माहीत नव्हतं भो. मागे घेतलं.

सातपूर_सीएनसी
आमच्या शॉपमध्ये जुन्या मिलिंग मशीनला लिनक्ससीएनसी लावलंय, डेबियन १२ वर. आमचा नियम सोपा आहे. नेटची वायर काढून ठेवायची आणि अपडेट करायचंच नाही. अपडेटनंतर मशीन रीस्टार्ट होऊन भलताच कर्नल आला तर टूल जॉबमध्ये घुसेल. त्याला रिअल-टाइम कर्नल लागतो, नेहमीचा चालत नाही. लिनक्स-इमेज-आरटी-एएमडी६४ वर एपीटी-मार्क होल्ड (अपडेटमध्ये बदलू नये म्हणून कुलूप) टाकून ठेवलाय.

रूट_काका
सातपूरकर, तुमचं ठीक आहे, तुमचं मशीन नेटवरच नाही. अभ्यासिकेत मुलं दिवसभर ब्राउझर उघडून बसतात, बँकेचं पेमेंट करतात. तिथे अपडेट बंद ठेवणं म्हणजे दार उघडं टाकून झोपणं.

सातपूर_सीएनसी
ते मान्य. मी फक्त म्हणतोय की प्रत्येक मशीनला एकच औषध नको.

पुदिना
मध्येच घुसतोय, माफ करा. माझ्याकडे लिनक्स मिंट आहे. गेला आठवडाभर काहीही टाकायला गेलो की 'सब-प्रोसेस /यूएसआर/बिन/डीपीकेजी रिटर्न्ड ॲन एरर कोड (१)'. कर्नलचं नाव दिसतं आणि खाली 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. पण डिस्कवर तर भरपूर जागा आहे!

सर्व्हरवाली
मिंट टाकताना एन्क्रिप्शन निवडलं होतं का? मग /बूट हे वेगळं, लहान विभाजन असतं आणि तेच भरलंय. डीएफ -एच /बूट करून बघा.

पुदिना
हो!! १०० टक्के भरलंय.

हिरवा_सरडा
अपडेट मॅनेजर उघडा, 'व्ह्यू' मेन्यूत 'लिनक्स कर्नल्स' आहे. चालू कर्नल आणि त्याच्या आधीचा एक ठेवून बाकीचे तिथून काढा. मग टर्मिनलमध्ये सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए, आणि त्यानंतर सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल. क्रम हाच. आधी जागा करा, नाहीतर त्याच ठिकाणी पुन्हा अडेल.

डेबियनवाल्यांचं (मिंटही त्याच कुळातलं) एक बरं आहे, डीपीकेजी (त्यांचं आरपीएम) एकाच आर्किटेक्चरचं एकच पॅकेज दोन आवृत्त्यांत नोंदवूच देत नाही. तिथे लाईट गेली की पॅकेज दुप्पट होत नाही, अर्धवट राहतं. डीपीकेजी -एल मध्ये ओळीच्या सुरुवातीला 'आयआय' ऐवजी 'आययू' किंवा 'आयएफ' दिसतं. यू म्हणजे फाइली सुटल्या पण मांडणी व्हायची आहे, एफ म्हणजे मांडणी करताना फसलं. 'आरसी' दिसलं तर घाबरू नका. पॅकेज काढलंय, फक्त त्याच्या कॉन्फिग फाइली उरल्यात.

आणि हो, मी ओपनसूसेवाला. आमच्याकडे बीटीआरएफएसवर प्रत्येक झिपरच्या (आमचं डीएनएफ) आधी-नंतर स्नॅपशॉट (सिस्टमची त्या क्षणाची प्रत) आपोआप निघतो. बिघडलं की जुन्या स्नॅपशॉटने बूट करायचं आणि स्नॅपर रोलबॅक. धागा दोन ओळींत संपला असता.

मिसळ_तर्री
सरड्याने रंग दाखवलाच. दर धाग्यात ओपनसूसे!

नाशिकरोड_लोकल
@पुदिना, आणखी एक. 'कुड नॉट गेट लॉक' असं आलं तर लॉकची फाइल आरएमने उडवू नका, नेटवर सगळीकडे तेच लिहिलंय. बहुतेक वेळा मागे आपोआप होणारं अपडेट चालू असतं. पाच-दहा मिनिटं थांबलं की सुटतं. लॉक उडवून दोन एपीटी एकदम चालवले तर आज नसलेला घोळ उद्या होईल. नाहीच सुटलं तर पीएस ऑक्स मध्ये एपीटी किंवा डीपीकेजी खरंच चालू आहे का ते बघा.

पुदिना
झालं! जुने कर्नल काढले, दोन्ही कमांड दिल्या, एरर गेली. सर्व्हरवाली ताई आणि सरडेदादा, धन्यवाद.

अभ्यासिका_पंचवटी
कालपासून आमच्या रस्त्यावर खोदकाम आहे, त्यात नेटची केबल तुटली होती म्हणून उशीर. यादी मिळाली. रिइन्स्टॉलिंगमध्ये नव्या आवृत्त्या आहेत आणि रिमूव्हिंगमध्ये जुन्या, ताईंनी सांगितलं तसंच. पण खाली 'रिमूव्हिंग डिपेंडंट पॅकेजेस' असा वेगळा भाग आलाय आणि त्यात लिब्रेऑफिस-रायटर, लिब्रेऑफिस-इम्प्रेस आणि आणखी काही. ही जुनी नाहीत, यांची एकेकच नोंद आहे. वाय दाबू का?

सर्व्हरवाली
नका दाबू. यासाठीच अझ्यूमनो सांगितलं होतं.

तुमच्याकडे लिब्रेऑफिस-कोअर दोनदा आहे, जुनं आणि नवं. रायटरची पाळी यायच्या आत लाईट गेली, म्हणून रायटर जुनाच आहे. आणि त्याची अट असते की मला माझ्याच आवृत्तीचं कोअर हवं, एक अंकही पुढचं नको. जुनं कोअर काढायला गेलं की जुना रायटर लोंबकळतो, म्हणून डीएनएफ त्यालाही काढायला निघालंय. नुसतं डीएनएफ अपग्रेड दिलंत तर ते डुप्लिकेटवर अडखळू शकतं. म्हणून दोन्ही गोष्टी एकाच व्यवहारात करायच्या. त्यासाठी डीएनएफ शेल आहे. सुडो डीएनएफ शेल द्या, मग आत एकेका ओळीत:

रिमूव्ह --डुप्लिकेट्स
अपग्रेड
रन

रन दिल्यावर पुन्हा यादी दाखवून विचारेल. या वेळी रायटर 'अपग्रेडिंग'मध्ये दिसायला हवा. काढायच्या यादीत फक्त जुन्या आवृत्त्या असतील तर वाय.

रूट_काका
यादी वाचायची सवय लावा रे सगळ्यांनी. २०२१ मध्ये तो प्रसिद्ध कॅनेडियन यूट्यूबर पॉप ओएसवर स्टीम टाकायला गेला. एपीटीने स्पष्ट लिहिलं होतं की डेस्कटॉप काढला जाईल, आणि 'येस, डू ॲज आय से' असं पूर्ण वाक्य टाइप करायला लावलं. त्याने केलं. डेस्कटॉप गेला. पॅकेजात चूक होती हे खरं, पण इशाराही पडद्यावर होता. पुढे एपीटीवाल्यांनी ते वाक्यच काढून टाकलं.

एमपीएससी_वाला_भाऊ
मी त्या ओळी जशाच्या तशा कॉपी करून टाकल्या, तर म्हणतं 'बॅश: सुडो: कमांड नॉट फाउंड' 😂

संपादक_टेक
इथे कमांड देवनागरीत लिहायची पद्धत आहे, टर्मिनलला ती मान्य नाही. कृपया स्वतः टाइप करा. निदान प्रत्येक अक्षर वाचून तरी होईल.

कॉलेजरोड_कॉम्प्युटर
डीएनएफ शेल हा प्रकार माझ्या ऐकण्यात नव्हता. बरं, हे सगळं मुळात टाळायचं कसं ते पण सांगा. टीमक्समध्ये चालवायचं ना?

सर्व्हरवाली
टीमक्सचा उपयोग दुसरीकडे आहे. एसएसएच (दुरून जोडलेलं टर्मिनल) तुटलं किंवा टर्मिनलची खिडकी बंद झाली तरी आतलं काम चालू राहतं. लाईट गेली की टीमक्सही जातं.

डेस्कटॉपवर मात्र एक धोका लोकांच्या लक्षात येत नाही. ज्या नोममध्ये (म्हणजे डेस्कटॉपमध्ये) टर्मिनल उघडलंय तोच नोम अपडेट होत असतो. मध्येच तो कोसळला तर टर्मिनल जातं, अपडेट अर्ध्यावर मरतं, आणि लाईट न जाताही हेच दुखणं. म्हणून एकतर कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून साध्या कन्सोलवर चालवा, नाहीतर सॉफ्टवेअर ॲपमधून 'रीस्टार्ट अँड अपडेट' करा. ते बूट होताना, दुसरं काही चालू नसताना अपडेट करतं.

सातपूर_सीएनसी
आणि लाईटसाठी छोटा यूपीएस घ्या राव. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर टाकायचा विचार असेल तर त्याचा मोड आधी बघा, घरगुती इन्व्हर्टर साध्या मोडवर असला तर बदली होताना क्षणभर अंतर पडतं आणि पीसी रीस्टार्ट होतो. यूपीएसवर दहा मिनिटं मिळाली तरी चालू व्यवहार पूर्ण होतो. आणि आमच्याकडे शनिवार हा लाईट जायचा वार आहे हे एमआयडीसीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. शनिवारी सकाळी अपडेट कोण लावतं?

नाशिकरोड_लोकल
शनिवारी सकाळी माणूस मिसळ खायला जातो. अपडेट लावून गेला असेल.

मिसळ_तर्री
माझं नाव घेतलंत?

अभ्यासिका_पंचवटी
डीएनएफ शेलने काम झालं. यादीत रायटर अपग्रेडिंगमध्ये आला, वाय दिलं, पूर्ण झालं. डीएनएफ चेक आता काहीच बोलत नाही. पण कॅल्क अजूनही उघडत नाही! रायटर, इम्प्रेस चालतात.

सर्व्हरवाली
अपेक्षितच होतं थोडंफार. लाईट गेली त्या क्षणी जी फाइल डिस्कवर लिहिली जात होती ती अर्धवट किंवा रिकामी राहते. नोंदीत मात्र सगळं व्यवस्थित दिसतं, म्हणून डीएनएफ चेकला ती कळत नाही. आरपीएम -व्हीए चालवा, वेळ लागेल. प्रत्येक फाइल नोंदीशी ताडून बघतं. ज्या ओळीत मध्ये 'सी' आहे त्या कॉन्फिग फाइली, बदललेल्या असणारच, सोडून द्या. 'सी' नसलेली, /यूएसआर मधली, आणि सुरुवातीला 'एस' व '५' असलेली ओळ शोधा. एस म्हणजे आकार जुळत नाही, ५ म्हणजे मजकूर जुळत नाही.

अभ्यासिका_पंचवटी
सापडली. /यूएसआर/लिब६४/लिब्रेऑफिस खालची एक फाइल, एलएस -एल मध्ये आकार ० दाखवतंय. आरपीएम -क्यूएफ ने पॅकेज विचारलं आणि डीएनएफ रिइन्स्टॉल केलं. कॅल्क उघडला. ताई, आभार.

पण मग शेलमध्ये डुप्लिकेट काढताना रिइन्स्टॉल झालं होतं ना? तेव्हाच का नाही भरली ही फाइल?

सर्व्हरवाली
डुप्लिकेट असलेल्यांचंच रिइन्स्टॉल झालं, आणि तेही रेपोत ती आवृत्ती मिळाली तरच. त्या यादीत 'इन्स्टॉल्ड पॅकेज अमुक नॉट अव्हेलेबल' अशी ओळ होती का? मिरर (रेपोची प्रत) पुढे सरकला, म्हणजे त्यावर आता आणखी नवी आवृत्ती असेल तर जुनी नोंद जाते, पण रिइन्स्टॉल होत नाही.

अभ्यासिका_पंचवटी
होती, दोन-तीन. दुसरी पॅकेजेस होती असं वाटून सोडून दिलं. त्यांची नावं बघून आज संध्याकाळी तीही तपासतो.

पुदिना
शेवटचं विचारतो. माझ्या मेन्यूत फायरफॉक्स दोनदा दिसतो. हेही डुप्लिकेटच का? आता डीपीकेजी दुप्पट होऊ देत नाही म्हणालात ना.

हिरवा_सरडा
एक मिंटचं सिस्टम पॅकेज आणि दुसरं फ्लॅटपॅक (ॲप टाकायची वेगळी पद्धत). डीपीकेजीला फ्लॅटपॅकचा पत्ताच नसतो, त्यामुळे त्याच्या दृष्टीने एकच आहे. फ्लॅटपॅक लिस्ट --ॲप मध्ये दिसेल. काढायच्या आधी दोन्ही उघडून बुकमार्क आणि पासवर्ड कशात आहेत ते बघा, दोघांची प्रोफाइल वेगळी असते. फ्लॅटपॅकची घरच्या फोल्डरात .व्हार/ॲप खाली. रोजचा कुठला वापरता ते ठरवा आणि दुसरा काढा.

पुदिना
बुकमार्क निम्मे इकडे, निम्मे तिकडे निघाले 🤦

कॉलेजरोड_कॉम्प्युटर
फॉरमॅट.